ट्रंपेटवादकाची प्रातःसाधना

गवई पहाटे खर्ज लावतो, तद्वत ट्रंपेटवादकही दिवसाचा आरंभ ठरावीक पाठांनी करतो. या पाठांच्या मागे मोठा इतिहास आहे.

जुन्या साध्या ट्रंपेटला स्वर बदलण्याच्या कळा नव्हत्या. सारी भिस्त ओठांवर आणि श्वासावर असे. १८१८ मध्ये प्रशियात श्टोल्त्सेल व ब्ल्यूमेल यांनी व्हॉल्व्हचे पेटंट घेतले आणि बोटांना काम मिळाले. या नव्या सामर्थ्याचा विस्तृत अभ्यासक्रम पॅरिसच्या आर्बां यांनी १८६४ मध्ये आपल्या कॉर्नेटविषयक ग्रंथात मांडला. परंतु बोटे चपळ झाली, तरी स्वराचा उगम ओठांतच राहिला.

म्हणून पुढील आचार्यांची दृष्टी पुन्हा ओठांकडे वळली. अमेरिकेतील हर्बर्ट क्लार्क यांनी १९१२ च्या पाठांत द्रुत स्वरमालिका हलक्या आवाजात, एकाच श्वासात, अनेकवार वाजविण्यास सांगितले. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे मॅक्स श्लॉसबर्ग यांचे पाठ त्यांच्या निधनानंतर, १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचा आरंभ दीर्घ स्वरांनी होतो. जेम्स स्टॅम्प यांच्या १९७८ च्या पुस्तकात तर प्रथम केवळ ओठांचा आणि नंतर माउथपीसचा गुंजारव आहे.

ही सावधगिरी अनाठायी नव्हे. तारस्वरांच्या सततच्या ताणाने ओठ दुखावल्यामुळे लुई आर्मस्ट्राँग यांच्यासारख्या दिग्गजालाही १९३४ मध्ये काही महिने वादन थांबवावे लागले. वाद्य मोडल्यास दुसरे घेता येते. ओठांचे तसे नाही.