मोडी, बाळबोध आणि नवा कारकून

लक्ष्मीपूजनाला आपण वहीची पूजा करतो. पण त्या वहीतले वाचता कोणाला येते, हा प्रश्न फार जुना आहे. मी राहतो हरिहरेश्वरी. इथला देव पेशव्यांचे कुलदैवत, आणि 1713 साली पेशवे झालेले बाळाजी विश्वनाथ शेजारच्या श्रीवर्धनचे. त्यांचे कर्तृत्व तलवारीइतकेच लेखणीचे, आणि ती लेखणी मोडीची. लेखणी फारशी न उचलता भरभर लिहिण्याची ही लिपी कारकुनाच्या सोयीची. पोरासोरांनाही समजावी ती बाळबोध. तिच्या नावातच तिचा हेतू आहे.

वाचता न येण्याची किंमत 1875 साली दिसली. 12 मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले. कापसाचे उतरलेले भाव आणि वाढलेला सारा ही कारणे होतीच. पण त्यांचा मुख्य रोख होता तो कर्जाच्या खतांवर. ज्यावर निशाणी केली त्या कागदात काय आहे, हे कित्येकांना वाचता येत नव्हते. पुढे 1879 च्या कायद्याने अशी खते निबंधकासमोर लिहिली जावीत, असे ठरवले.

आजचा कारकून म्हणजे संगणक. वेबवरची रोजची तीच ती कामे त्याच्याकडून करून घ्यायची, तर त्याला सूचनांची यादी, म्हणजे स्क्रिप्ट, लिहून द्यावी लागते. 1995 साली ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट ही भाषा घडवली; सामान्य माणसाला मात्र ती मोडीच. ही अडचण ओळखून अमेरिकेत एम.आय.टी.च्या संशोधकांनी 2005 च्या सुमारास ‘चिकनफूट’ केले. त्यात पानाच्या पोटातली सांकेतिक नावे शोधावी लागत नसत. बटणावर डोळ्यांना दिसणारे नाव सांगितले की पुरे. 2007 मध्ये आयबीएमच्या संशोधकांचे ‘कोस्क्रिप्टर’ आले. काम एकदा करून दाखवायचे. ते पाहून यंत्र प्रत्येक पायरी साध्या इंग्रजी वाक्यात टिपून ठेवी. ती यादी दुसऱ्यालाही वापरता येई.

यात वेळ वाचला, हा लहान लाभ. ती यादी वाचता येत होती, हा मोठा. आपल्या नावाने बँकेत शिरणारी स्क्रिप्ट न वाचता चालवणे आणि खतावर डोळे मिटून अंगठा उठवणे, यांत मला फरक दिसत नाही.

ही साधने टिकली नाहीत. पानाची मांडणी बदलली की सूचना अडत. शिवाय ज्या जुन्या पद्धतीच्या जोडण्यांवर ती उभी होती, त्या फायरफॉक्सने नोव्हेंबर 2017 मध्ये बंद केल्या. आणि त्यांची ‘साधी’ भाषा इंग्रजी! आमच्या गावात पाहुण्यांना खोल्या देणाऱ्या एखाद्या काकूंना तीही मोडीच.

आता मराठीत सांगितले तरी यंत्र स्क्रिप्ट लिहून देते. काकूंनी ती जरूर घ्यावी. पण चालवण्याआधी, “यात काय लिहिलेस, ते मला मराठीत ओळीने सांग,” एवढे विचारावे, आणि पासवर्ड मागणारी ओळ आली तर जाणत्या माणसाला दाखवावी.