बांधायच्या आधी चालवून बघा : गोदामाच्या जुळ्याची गोष्ट

मी जुळे सोलापुरातून बोलतोय आणि आजचा विषयही जुळ्याचाच आहे. स्वयंचलित गोदाम बांधायच्या आधी त्याचं जुळं संगणकात उभं करतात, त्याची ही गोष्ट.

आधी करून बघायचं, मग बांधायचं, ही रीत आपल्याकडे जुनी. १९१६ साली सुरू झालेली जलसंशोधन संस्था आज खडकवासल्याला आहे. तिथे धरणाची, बंदराची लहान प्रतिकृती करून तिच्यात खरं पाणी सोडतात. गोदामात मात्र खोकी वाहतात आणि रांगा लावतात. रांगांचं गणित कागदावर लवकर हाताबाहेर जातं. म्हणून १९६०च्या दशकात ओस्लोत क्रिस्टन नीगार्ड आणि ओले-योहान डाल यांनी असल्या कामासाठी ‘सिम्युला’ भाषा केली. कॉलेजात तुम्ही क्लास आणि ऑब्जेक्ट पाठ करता ना, त्यांचं माहेर हेच.

आता दोन शब्द वेगळे करू. सिम्युलेशनमध्ये सगळंच लुटुपुटूचं असतं. महिन्याभराचं काम काही मिनिटांत पळवायचं आणि कुठे तुंबतंय ते बघायचं. एम्युलेशनमध्ये यंत्रं नकली, पण त्यांना हुकूम देणारं सॉफ्टवेअर खरं, उद्या गोदामात बसणार तेच. समोरचा पट्टा खोटा आहे याचा त्याला पत्ताच नसतो. मोबाइलवर जुना व्हिडिओ गेम खेळता तेव्हा गेम खरा, यंत्र नकली, तसंच. १९६४च्या आयबीएम सिस्टिम/३६० वर जुन्या यंत्रांचे प्रोग्रॅम चालवायचे होते, तेव्हा हा शब्द रूढ झाला.

हे केलं नाही तर काय होतं? आपल्याकडची पोरं चाकण-भिवंडीच्या गोदामांत आहेत, त्यांना विचारा. पट्टा अडला की खोकी हातानेच उचलायची असतात.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण विमानतळाचं आहे, कारण बॅगा काय आणि खोकी काय, दुखणं एकच. अमेरिकेतल्या डेन्व्हरला हजारो छोट्या गाड्या रुळांवरून बॅगा नेणार होत्या. सगळ्यांचं लक्ष वेगाकडे. खरी गोम रिकाम्या गाड्यांची होती. शेअर रिक्षा जुळे सोलापुरातच भरली, तर पुढे आसरा चौकात उभ्या माणसाला जागा कुठून मिळणार? तिथेही वरच्या टप्प्यावर गाड्या भरायच्या आणि शेवटच्या बॅगा खोळंबायच्या. ही गोष्ट कागदावरच्या सरासरीत दिसत नाही, रांगा चालवून बघितल्या की दिसते.

म्युनिकला याहून साधी यंत्रणा दोन वर्षं तपासली होती आणि उद्घाटनाआधी सहा महिने अहोरात्र चालवली होती. डेन्व्हरला घाई होती. माझ्या मते तिथे अक्कल भरपूर होती, वेळच दिला गेला नाही. १९९४ मध्ये पत्रकारांना बोलावून यंत्रणा चालवून दाखवली, तर त्यांच्यासमोरच बॅगा फाटल्या आणि कपडे उधळले. ऑक्टोबर १९९३ मध्ये सुरू व्हायचा विमानतळ २८ फेब्रुवारी १९९५ ला उघडला, तोही यंत्रणेचा थोडाच भाग वापरून. २००५ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने तोही बंद केला आणि बॅगा पुन्हा माणसांच्या हाती आल्या.