बुद्धिबळातील बलाबल : सांख्यिकीय निर्णय

सामन्यांच्या निकालांवरून दोन खेळाडूंपैकी सरस कोण, हे संभाव्यतेच्या आधारे ठरवण्याची रीत. सामना कोणी जिंकला हे गुणतक्ता सांगतो. जिंकणारा खरोखर बलवान होता का, हा प्रश्न निराळा असतो.

अमरावती-अकोल्याकडच्या खुल्या स्पर्धा बहुधा स्विस पद्धतीने होतात. तिथे तेच दोन खेळाडू एका स्पर्धेत दोनदा समोरासमोर येत नाहीत, म्हणून तुलना इतर प्रतिस्पर्ध्यांमार्फत करावी लागते. त्यासाठी हंगेरीत जन्मलेले अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ आर्पाद एलो यांची मानांकन पद्धत वापरतात. ‘फिडे’ या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने ती 1970 साली स्वीकारली. मानांकनातल्या फरकावरून अपेक्षित गुण निघतात. 80 गुणांनी वरचढ खेळाडूकडून दर 100 डावांत सुमारे 61 गुणांची अपेक्षा असते.

जुलै 2025 मध्ये बातुमी येथे महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत हाच फरक होता : कोनेरू हंपी 2543, नागपूरची दिव्या देशमुख 2463. चार डावांपैकी तीन बरोबरीत सुटले आणि दुसऱ्या जलद डावात काळ्या मोहऱ्यांनी खेळून दिव्या जिंकली. विजेतेपद निर्विवाद तिचे. पण बलाबलाच्या हिशेबात तो निर्णायक डाव एकच. अगदी तुल्यबळ जोडीतही एका निर्णायक डावाचा कौल दोघांपैकी कोणाकडेही सारख्याच शक्यतेने जातो.

सरस कोण हे ठरवताना बरोबरीचे डाव सहसा बाजूला ठेवतात आणि उरलेल्या जय-पराजयांना नाणेफेकीचा निकष लावतात. 1984-85 मध्ये जगज्जेतेपदासाठीचा कार्पोव्ह-कास्पारोव्ह सामना 48 डाव चालून अनिर्णित थांबवला गेला, तेव्हा कार्पोव्हचे 5 विजय होते, कास्पारोव्हचे 3. तुल्यबळ खेळाडूंतही ठरावीक एकाला आठपैकी पाच किंवा अधिक विजय मिळण्याची शक्यता सुमारे 36 टक्के असते. म्हणजे पाच महिने खेळूनही पुरावा तोकडाच! 80 गुणांचा फरक पुरेशा खात्रीने दिसायला, एकही डाव बरोबरीत सुटला नाही तर, सुमारे 80 डाव लागतात. निम्मे बरोबरीत सुटले तर 35-40 पुरतात, कारण बरोबरीमुळे नशिबाचे चढउतार कमी होतात.

ग्रँडमास्टर किताबाचे नियम याच अडचणीतून वाट काढतात. किमान 9 डावांत 2600 दर्जाची कामगिरी म्हणजे एक नॉर्म. पण इतक्या डावांवरून काढलेल्या अंदाजात 80 गुणांची चूक सहज पडू शकते. म्हणून एका नॉर्मवर भागत नाही. साधारणपणे तीन नॉर्म, म्हणजे एकूण 27 डाव, आणि शिवाय 2500 मानांकन लागते. अमरावतीचे स्वप्नील धोपाडे याच वाटेने ग्रँडमास्टर झाले. दिव्याकडे त्या विजयाआधी एकही नॉर्म नव्हता; विश्वचषक जिंकणारीला किताब थेट मिळतो, या तरतुदीने ती ग्रँडमास्टर झाली.