परदेशी रणभूमीवरील सैनिकाची कलानिर्मिती

'सैनिकाची कला' ही संज्ञा येथे मर्यादित अर्थाने योजिली आहे. मायदेशाबाहेर लष्करी सेवेत असलेल्या व्यक्तीने त्या सेवेतील अनुभवावर केलेली निर्मिती, एवढाच तिचा अर्थ. घरी सुरक्षित राहून कल्पनेने रेखाटलेले रणचित्र या व्याख्येबाहेर राहते.

अशा निर्मितीवर तीन बंधने असतात: काळाचे, साधनाचे आणि वहनाचे. सैनिकाचा वेळ त्याच्या स्वाधीन नसतो. साधने पाठीवरच्या ओझ्यात मावावी लागतात. आणि सिद्ध झालेली कृती सुरक्षित स्थळी पोहोचावी लागते. तिसऱ्या बंधनाचा विचार क्वचितच होतो. वस्तुतः कृती टिकणे त्यावरच अवलंबून असते.

आयझॅक रोझेनबर्गच्या बाबतीत ही तिन्ही बंधने एकत्र आढळतात. लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिकलेला हा चित्रकार १९१५ मध्ये ब्रिटिश सैन्यात साधा शिपाई झाला आणि १९१६ मध्ये फ्रान्समधील खंदकांत पोहोचला. तेथे तैलचित्रण अशक्य होते. कविता मात्र पहाऱ्यावर मनात घोळवता येते, कागदाच्या कपट्यावर उतरते आणि पत्रातून जाते. कवी तो पूर्वीही होता. खंदकाने त्याच्यातील चित्रकाराला मागे सारले. कविता तो घरी पाठवी आणि बहीण त्या टंकलिखित करी. खंदकातील पहाटेवरची त्याची कविता डिसेंबर १९१६ मध्ये शिकागोच्या 'पोएट्री' मासिकात प्रसिद्ध झाली. १ एप्रिल १९१८ रोजी तो मारला गेला.

यावरून कलेचे दोन प्रकार संभवतात: तात्कालिक व उत्तरकालीन. रोझेनबर्गची कविता पहिल्या प्रकारात मोडते. दुसऱ्याचे उदाहरण स्टॅन्ली स्पेन्सर. १९१६ पासून त्याने मॅसिडोनियात, प्रथम वैद्यकीय दलात व नंतर पायदळात, सेवा केली. बर्गक्लेअर येथील स्मारक-प्रार्थनालयातील त्याची चित्रे १९३२ मध्ये पूर्ण झाली. त्यांत लढाई जवळजवळ नाही. पाण्याच्या बाटल्या भरणे, नकाशा वाचणे, रुग्णालयातील फरशी घासणे अशी कामे आहेत. कालांतराने स्मृतीत प्रसंगापेक्षा दिनक्रम अधिक ठळक राहतो, हे त्यातून दिसते. पॉल नॅश या दोहोंमध्ये येतो: १९१७ मध्ये ईप्र येथे तो अधिकारी होता, दुखापतीमुळे परतला आणि त्याच वर्षी अधिकृत युद्धचित्रकार म्हणून पुन्हा गेला. नियुक्तीमुळे त्याची पहिली दोन बंधने सैल झाली.

दोन्ही प्रकारांना एकच निकष लावणे अशास्त्रीय आहे. तात्कालिक कृतीला उत्तरकालीन कृतीचा कच्चा खर्डा समजणारी समीक्षा त्याज्य मानावी.