अल्डोस्टेरोनजन्य रक्तदाब : एका निकषाचा इतिहास

एखाद्या रोगाची व्याख्या बहुधा प्रथम आढळलेल्या रोग्यावरून बनते, आणि पुढे तीच व्याख्या इतर रोग्यांना वगळू लागते. अल्डोस्टेरोनजन्य रक्तदाबाचा इतिहास या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे.

अधिवृक्क ग्रंथीतून स्रवणारे अल्डोस्टेरोन हे संप्रेरक मूत्रपिंडाकरवी सोडियम शरीरात राखते व पोटॅशियम बाहेर टाकते. सिल्व्हिया सिंपसन, जेम्स टेट व त्यांचे सहकारी यांनी ते १९५३ मध्ये शुद्ध रूपात वेगळे केले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात जेरोम कॉन यांच्याकडे चौतीस वर्षांची एक स्त्री आली. तिला स्नायूंचे पेटके व अधूनमधून येणारी दुर्बलता यांचा त्रास होता. रक्तदाब अधिक व रक्तातील पोटॅशियम अत्यल्प होते. दीर्घ परीक्षणानंतर कॉन यांनी या संप्रेरकाच्या अतिस्रावाचे निदान केले. डिसेंबर १९५४ मधील शस्त्रक्रियेत अधिवृक्क ग्रंथीत अर्बुद आढळले. ते काढल्यावर तिची प्रकृती सुधारली.

तेव्हापासून पोटॅशियमची न्यूनता हे या रोगाचे प्रवेशद्वारच ठरले. ज्यांचे पोटॅशियम प्राकृत, त्यांची तपासणीच होईना. साहजिकच रोग अतिदुर्मिळ मानला गेला. प्राकृत पोटॅशियम असतानाही हा रोग संभवतो आणि तो बराच व्यापक असावा, असे कॉन यांनी १९६० नंतरच्या दशकात प्रतिपादिले. परंतु समकालीनांनी ते मत फारसे स्वीकारले नाही.

१९८१ मध्ये जपानमधील हिरामात्सु व सहकाऱ्यांनी अल्डोस्टेरोन व रेनिन यांचे गुणोत्तर ही चाचणी पुढे आणली. या रोगात अल्डोस्टेरोन वाढते, तर मूत्रपिंडातून स्रवणारे रेनिन दबते. म्हणून गुणोत्तर वाढते. पुढे ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे रिचर्ड गॉर्डन प्रभृतींनी प्राकृत पोटॅशियम असलेल्यांनाही ती लावली, आणि रोग्यांची संख्या पुष्कळच वाढली. उच्च रक्तदाबाच्या रोग्यांपैकी सुमारे ५ ते १० टक्क्यांमध्ये हे कारण असते, असा अंदाज आता सामान्यतः दिला जातो. त्यांपैकी बहुसंख्यांचे पोटॅशियम प्राकृतच असते.

हा केवळ संज्ञेचा वाद नव्हे. अतिस्राव एकाच ग्रंथीतून होत असल्यास ती काढून पुष्कळदा रोग बरा करता येतो. दोन्ही ग्रंथी दूषित असल्यास स्पायरोनोलॅक्टोनसारखे औषध गुणकारी ठरते. निदान न झालेल्या रोग्यास मात्र तेवढ्याच रक्तदाबाच्या इतरांपेक्षा पक्षाघात व हृद्विकार यांचा धोका अधिक राहतो. तात्पर्य, या रोगाची दुर्मिळता पुष्कळ अंशी निकषाने निर्माण केली होती, आणि तिचे मूल्य रोग्यांना द्यावे लागले.