लिंबलोणातलं लिंब कोणतं?

तान्ह्या बाळावरून किंवा वरातीहून आलेल्या नवरा-नवरीवरून 'लिंबलोण' उतरवतात. शब्द ऐकला की आज बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पिवळं लिंबू आणि चिमूटभर मीठ उभं राहतं. मीठ बरोबर आहे. लोण म्हणजे लवण. लिंबू मात्र चूक. इथलं लिंब म्हणजे कडुनिंबाचा पाला. स्मशानातून परतल्यावर जो चावायचा आणि पाडव्याला गूळ-ओव्याबरोबर वाटून जो खायचा, तोच.

घोटाळ्याचं मूळ एका जुन्या खोडीत आहे. बोलता बोलता न आणि ल जागा बदलतात. संस्कृत 'लांगल' मराठीत नांगर झाला, तर 'नवनीत' लोणी झालं. त्याच चालीनं निंबाचा लिंब झाला. हिंदीत जे फळ 'नींबू'च राहिलं ते इकडे लिंबू झालं. झाड आणि फळ यांच्यात उरला फक्त एक उकार. आणि 'चार लिंबं द्या' म्हणताना तोही गळतो. म्हणून झाडामागे 'कडू' लावावं लागलं. कडुनिंब कडू असतो हे मराठी माणसाला सांगायची गरज नव्हती. तो लिंबू नव्हे, हे सांगायची होती.

भरीला कढीत पडणारा गोडलिंब. त्याचा आणि कडुनिंबाचा वनस्पतिशास्त्रातला संबंध लांबचा, पण पानं दिसायला सारखी. शेजारी कन्नडमध्येही हाच तर्क चालला: कडुनिंब 'बेवू' आणि कढीलिंब 'करिबेवू', म्हणजे काळा कडुनिंब.

संस्कृतात या झाडाला नावांचा तुटवडा नव्हता. अमरकोशात निंबासोबत पिचुमंद, सर्वतोभद्र आणि अरिष्ट ही नावं येतात. यातलं अरिष्ट सर्वांत गमतीचं. 'रिष्ट' म्हणजे इजा. अरिष्ट म्हणजे जिला इजा नाही अशी वस्तू. रोगराईला पुरून उरणाऱ्या झाडाला याहून चांगलं नाव कोणतं? पण संस्कृतातच या शब्दाला अपशकुन, मरणाचं लक्षण असा उलटा अर्थही चिकटला आणि मराठीनं नेमका तोच उचलला. त्यामुळे आपल्याकडे अरिष्ट कोसळतं. वैद्याच्या दशमूलारिष्टातलं अरिष्ट मात्र बाटलीत सुखरूप आहे, आणि केस धुण्याचा रिठाही याच 'अरिष्टका'चा वंशज.

शास्त्रीय नावाची कथा आणखी वाकडी. 'अझाडिराक्टा इंडिका' हे लॅटिन वेशातलं फारसी आहे: आझाद दरख्त, म्हणजे मुक्त किंवा उमदा वृक्ष. आझाद मैदानातला आणि या नावातला आझाद एकच. इराणात हे नाव मुळात बकाणा निंबाचं. आपला कडुनिंब तिथे हिंदचा आझाद दरख्त ठरला. 1753 साली लिनियसनं दोन्ही झाडं 'मेलिया' या एकाच कुळीत घातली आणि दोघांनाही याच फारसी शब्दाची दोन रूपं वाटली. 1830 मध्ये आद्रियाँ द जुसिय या फ्रेंच शास्त्रज्ञानं कडुनिंबाला वेगळी कुळी दिली. अशा रीतीनं बकाणा निंबाचं नाव कडुनिंबाच्या कुळीवर कोरलं गेलं. मूळ मालकाकडे ते आडनावासारखं मागे उरलं: मेलिया अझेडराक.

पोर्तुगीजांनी इतका विचार केला नाही. पान चाखलं आणि 'आमार्गोझा' म्हणून मोकळे झाले. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ नुसता 'कडू'. सुरुवातीचा 'आ' गळून इंग्रजीत त्याचा मार्गोसा झाला, आणि त्याच मार्गोसावरून 1916 साली निघालेल्या कलकत्ता केमिकल कंपनीच्या हिरव्या साबणाला 'मार्गो' हे नाव मिळालं. मडगावशी त्या साबणाचा काही संबंध नाही, हे गोंयकारांसाठी सांगून ठेवलेलं बरं. पूर्व आफ्रिकेत, स्वाहिलीत, हे झाड 'म्वारोबाइनी' आहे. त्यात चाळीस ही संख्या दडलेली आहे: चाळीस दुखण्यांवर उतारा.

हिंदीतल्या 'नीम हकीम'मधला नीम मात्र या घराण्यातला नव्हे. तो फारसीतला 'अर्धा'. कडुनिंबाचा पाला देणारा वैद्य, असा त्याचा अर्थ लावणारी मंडळी अजून भेटतात.

महाराष्ट्राच्या नकाशावर निंबगाव, लिंबगाव, निमगाव अशी गावं जागोजागी सापडतात. नकाशानं न आणि ल दोन्ही जपले आहेत. फलटणच्या निंबाळकरांचं आडनावही निंबळक या गावावरून आलेलं. शिवाजी महाराजांच्या राणी सईबाई याच घराण्यातल्या. आणि खेड्यात 'कडू' हा शब्द अजूनही फारसा कोणी लावत नाही. गुरं लिंबाखाली बांधतात, पंचायत लिंबाच्या पारावर बसते. पाडव्याच्या आदल्या दिवशी बाजारात 'लिंबाचा डहाळा द्या' म्हटलं, तर कोणी लिंबू हातावर ठेवत नाही.