चित्र आवाजाने हलतं, की हाताने?

गाण्याच्या कार्यक्रमात मागच्या पडद्यावर रंग नाचताना तुम्ही पाहिले असतील. ढोल वाजला की वर्तुळ फुगतं, बासरी आली की रेषा थरथरतात. माझी पीएच.डी. याच विषयावर आहे. "म्हणजे अगदी नवीन विषय!" असं लोक म्हणतात. नाही हो, बराच जुना आहे. फक्त त्याचा इतिहास वाचताना एक प्रश्न सोडायचा नाही: चित्र खरंच आवाजाने हलत होतं, की कुणाच्या हाताने?

या इतिहासात रशियन संगीतकार स्क्रियाबिनचं नाव हमखास येतं. १९१० मध्ये पूर्ण झालेल्या 'प्रोमिथियस'च्या स्वरलिपीत त्याने प्रकाशासाठी वेगळी ओळ लिहिली. १९११ साली मॉस्कोतला पहिला प्रयोग प्रकाशाविनाच झाला. रंग दिसले ते १९१५ मध्ये, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये. पण ते रंग कळफलकावरून माणूस बदलत होता. वाद्यवृंद गप्प बसला असता, तरी रंग चालूच राहिले असते.

आता त्याआधीची मार्गारेट वॉट्स ह्यूज बघा. वेल्सची ही गायिका. १८८५ मध्ये आपल्या आवाजाचा जोर तपासण्यासाठी तिने एक उपकरण केलं, 'आयडोफोन'. एक नळी, पुढे भांडं आणि त्याच्या तोंडावर ताणलेला रबराचा पडदा. नळीत गायलं की पडद्यावरची वाळू आपोआप सरकून आकृती बनायची. स्वर बदलला की आकृती बदलायची. क्लाड्नीने १७८७ मध्ये धातूच्या पत्र्यावर गज फिरवून अशा आकृत्या दाखवल्या होत्या. हिने तेच गळ्याने केलं. आपल्याकडे सी. व्ही. रामन यांनीही मृदंगाच्या कातड्यावर बारीक वाळू टाकून त्याची कंपनं अभ्यासली. तो लेख १९३४ चा.

पुढे १९७० च्या दशकात 'अटारी व्हिडिओ म्युझिक' आलं. स्टिरिओ त्याला जोडला की टीव्हीवर आकार उमटायचे. आज कॉम्प्युटर आवाजातले खर्ज आणि तार भाग वेगळे मोजतो आणि ते आकडे चित्राला देतो. वाळूच्या जागी आकडे आले, एवढंच.

मग हा फरक मला इतका का खुपतो? एका चाचणीत आमच्या माइकची वायर निघाली होती. चित्रं आधी ठरवलेल्या क्रमाने आपली चालू होती. बघणारे म्हणाले, "वा, काय जुळलंय!" आपले डोळे असे फसतात. त्यामुळे "लोकांना जुळल्यासारखं वाटलं" हा पुरावा मी आता धरत नाही. आधी आवाज बंद करून बघते.

तुम्हीही करून बघा. पुढच्या कार्यक्रमात गायिका श्वास घ्यायला थांबली, की तिच्याकडे नको, पडद्याकडे बघा.